मंदीच्या काळात गरिबाच्या गाडीला रूप देणारा एडसेल फोर्ड, नाव मात्र लक्षात राहिलं एका फसलेल्या गाडीमुळे

अमेरिकेत एखादी गोष्ट प्रचंड गाजावाजा करून बाजारात आणली आणि ती सपशेल आपटली, की लोक तिला एडसेल म्हणतात. १९५७ च्या सप्टेंबरमध्ये फोर्ड कंपनीने या नावाची गाडी आणली, जाहिरातींवर पाण्यासारखा पैसा ओतला आणि नोव्हेंबर १९५९ मध्ये गाशा गुंडाळला. तोटा झाला सुमारे २५ कोटी डॉलर. व्यवस्थापनाच्या वर्गात हे उदाहरण आजही शिकवलं जातं.

ज्या माणसाचं नाव त्या गाडीला दिलं होतं, त्याला जाऊन तेव्हा १४ वर्षं झाली होती. ही गाडी त्याने पाहिलीसुद्धा नव्हती. आणि खरं सांगायचं तर गाडी दिसायला कशी असावी, हे फोर्ड कंपनीत ज्याला सगळ्यात जास्त कळत होतं तो हाच माणूस. मंदीने अमेरिकेचं कंबरडं मोडलं होतं त्या १९३२ साली फोर्डने ४६० डॉलरला विकलेली दोन सीटची उघडी रोडस्टर आज जगातल्या सर्वांत देखण्या जुन्या गाड्यांत गणली जाते. तिच्या रूपामागे नजर होती ती एडसेल फोर्डची. हेन्री फोर्डच्या एकुलत्या एका मुलाची.

एडसेलचा जन्म ६ नोव्हेंबर १८९३ चा, डेट्रॉइटमधला. वडील तेव्हा वीज कंपनीत इंजिनिअर होते आणि फावल्या वेळात घरामागच्या शेडमध्ये काहीतरी ठोकाठोक करत बसायचे. त्या शेडमधून १८९६ च्या जूनमध्ये हेन्रीची पहिली चारचाकी बाहेर आली. बाहेर आली म्हणजे अक्षरशः भिंत फोडून, कारण शेडचं दार गाडीपेक्षा लहान निघालं. एडसेल तेव्हा अडीच वर्षांचा होता. फोर्ड कंपनी सुरू झाली १९०३ मध्ये, तो शाळेत असताना. जगाचा चेहरामोहरा बदलणारी मॉडेल टी आली १९०८ मध्ये, तो पंधरा वर्षांचा होण्याच्या बेतात असताना. थोडक्यात, हे पोरगं गाड्यांबरोबरच वाढलं.

पण बापाला गाडीत यंत्र दिसायचं आणि मुलाला आकार. एडसेल चित्रं काढायचा, गाड्यांची छायाचित्रं कापून वहीत चिकटवायचा, स्वतःच्या मॉडेल टीला वेगळी बॉडी बसवून घ्यायचा. हेन्रीचा कॉलेजच्या शिक्षणावर विश्वास नव्हता, त्यामुळे शाळा संपली की मुलगा थेट कारखान्यात. तक्रार न करता तो गेला. १९१६ मध्ये त्याचं लग्न एलेनॉर क्ले हिच्याशी झालं. पुढे चार मुलं झाली.

१९१८ च्या शेवटी हेन्रीने अध्यक्षपद सोडलं आणि २५ वर्षांचा एडसेल फोर्ड कंपनीचा अध्यक्ष झाला. कागदावर पाहिलं तर केवढी ही झेप. प्रत्यक्षात ती हेन्रीची खेळी होती. लाभांश वाटावा म्हणून कोर्टात गेलेल्या डॉज बंधूंसारख्या भागधारकांना त्याला कंपनीबाहेर काढायचं होतं. आपण कंपनी सोडून दुसरीकडे नवी, आणखी स्वस्त गाडी काढणार, अशी हवा त्याने तयार केली. भागधारक घाबरले, विकायला तयार झाले आणि १९१९ मध्ये साडेदहा कोटी डॉलर मोजून फोर्ड कुटुंबाने सगळी कंपनी ताब्यात घेतली. हेन्रीकडे सुमारे ५५ टक्के, एडसेलकडे ४२, उरलेले आई क्लाराकडे.

हा ५५ आणि ४२ चा हिशेब एडसेलच्या उरलेल्या आयुष्याचा हिशेब ठरला. खुर्ची मुलाची, पण शेवटचा शब्द बापाचा.

सगळ्यात मोठं भांडण होतं मॉडेल टीवरून. त्या गाडीने शेतकऱ्याला आणि कामगाराला चाकं दिली हे खरंच. १९२५ मध्ये तिची दोन सीटची रनअबाउट २६० डॉलरला मिळायची, इतकी स्वस्त. पण १९१४ पासून जवळपास बारा वर्षं ती फक्त काळ्या रंगात यायची, गिअर पायाने बदलावे लागायचे आणि दिसायला ती तशीच राहिली होती, डबा. तिकडे जनरल मोटर्स शेवरोलेला दरवर्षी नवं रूप देत होती, वेगवेगळे रंग देत होती, हप्त्यांवर विकत होती. एडसेलला हे स्पष्ट दिसत होतं. हेन्रीला बघायचंच नव्हतं. एडसेलचा साडू अर्नेस्ट कॅन्झलर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता. त्याने जानेवारी १९२६ मध्ये हेन्रीला अतिशय अदबीने एक लांबलचक टिपण पाठवलं, की आता नवी गाडी काढायला हवी. त्याच वर्षी कॅन्झलरची नोकरी गेली. अध्यक्ष असलेला एडसेल ती वाचवू शकला नाही.

शेवटी विक्रीचे आकडेच बोलले. २६ मे १९२७ ला दीड कोटीवी मॉडेल टी कारखान्यातून बाहेर पडली, बापलेक दोघं त्या गाडीत बसून फिरले आणि त्या मॉडेलचा कारभार आटोपला. नवी गाडी तयार नव्हती. कारखाने कित्येक महिने बंद राहिले, हजारो कामगार घरी बसले.

या काळात तयार झाली मॉडेल ए. इथे पहिल्यांदा कामाची नीट वाटणी झाली. इंजिन आणि चासी हेन्रीकडे, बॉडी, आतली बैठक, रंग आणि एकूण रूप एडसेलकडे. त्याच्याकडे तोवर एक चांगली शाळा होती. १९२२ मध्ये फोर्डने ८० लाख डॉलरला लिंकन ही बुडालेली, पण उंची गाड्या बनवणारी कंपनी विकत घेतली होती आणि हेन्रीने ती मुलाला खेळायला दिल्यासारखी देऊन टाकली होती. तिथे एडसेलने देशातल्या उत्तम बॉडी बनवणाऱ्या कारागिरांबरोबर काम केलं. मॉडेल ए करताना त्याने लिंकनचं तेच रूप, तीच बसकी ठेवण, तोच रेडिएटरचा डौल स्वस्त गाडीत उतरवला. लोक तिला छोटी लिंकन म्हणायला लागले.

२ डिसेंबर १९२७ ला गाडी लोकांसमोर आली तेव्हा शोरूमबाहेर गर्दी आवरायला पोलिस लागले. ४० अश्वशक्तीचं चार सिलिंडरचं इंजिन, ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे जाणारा वेग, चारही चाकांना ब्रेक, समोर न फुटणारी सुरक्षा काच. आणि रोडस्टरची किंमत ३८५ डॉलर.

रोडस्टर इतकी स्वस्त का, हा प्रश्न आज पडू शकतो, कारण आता उघडी गाडी म्हणजे श्रीमंतांची चैन. तेव्हा उलट होतं. रोडस्टरला पत्र्याचं छप्पर नाही, वर दुमडता येणारा कापडी टप. बाजूला वरखाली होणाऱ्या काचा नाहीत, पाऊस आला की पारदर्शक तुकडे शिवलेले पडदे बटणांनी लावायचे. पत्रा कमी, काच कमी, आतलं लाकूडकाम कमी, म्हणून किंमतही कमी. पुढे दोन माणसं बसायची. काही गाड्यांत मागचं झाकण उघडलं की आणखी दोघांची बैठक निघायची. इंग्रज लोक या मागच्या बैठकीला डिकी म्हणत. ती बैठक गेली, तिथे सामान आलं, आणि शब्द मात्र आपल्याकडे राहिला. आजही आपण सामान टाकतो ते डिकीतच. फोर्डच्या कॅनडातल्या कंपनीने १९२६ मध्ये भारतात शाखा काढली होती, तेव्हा मुंबईच्या रस्त्यांनाही या गाड्या नवीन नव्हत्या.

मॉडेल ए रोडस्टर तरुणांची गाडी झाली. पहिली नोकरी लागलेला कारकून, कॉलेजातली पोरं, फिरते विक्रेते. वाऱ्यात केस उडवत जायचं सुख आतापर्यंत पैसेवाल्यांचं होतं, ते आता पगारदार माणसाच्या आवाक्यात आलं. फेब्रुवारी १९२९ पर्यंत दहा लाख मॉडेल ए विकल्या गेल्या होत्या.

आणि ऑक्टोबर १९२९ मध्ये शेअर बाजार कोसळला.

मंदीचा फटका सगळ्यांनाच बसला, पण मोटारींना जरा जास्तच. घर चालवायची भ्रांत असताना नवी गाडी कोण घेतो? १९३० साठी एडसेलने मॉडेल एचं रूप पुन्हा बदललं. चाकं लहान केली, त्यामुळे गाडी आणखी बसकी दिसू लागली, आणि रेडिएटरची चौकट व दिवे न गंजणाऱ्या चकचकीत पोलादाचे केले. स्वस्त गाडीचा मालक रोज सकाळी जे फडक्याने पुसतो ते चमकलं पाहिजे, हे त्याला कळत होतं. तरीही १९३१ मध्ये विक्री कोसळली आणि शेवरोले पुढे गेली. शेवरोलेकडे १९२९ पासूनच सहा सिलिंडरचं इंजिन होतं, तेही जवळपास चारच्या किमतीत.

हेन्रीने आता आठ सिलिंडरचा हट्ट धरला. व्ही आकाराची आठ सिलिंडरची इंजिनं तेव्हा महागड्या गाड्यांत असायची, कारण ती तुकडे तुकडे ओतून जोडावी लागायची. हेन्रीला सगळा ठोकळा एका ओतकामात हवा होता, तरच ते स्वस्त पडणार होतं. मोजक्या इंजिनिअरांनी हे काम गुपचूप केलं. साच्यातला गाभा जरा सरकला की ठोकळा भंगारात, असे कित्येक ठोकळे भंगारात गेले. शेवटी जमलं. या बाबतीत म्हातारा बरोबर होता, हे मान्य करायलाच हवं.

पण मार्च १९३२ मध्ये डेट्रॉइटची अवस्था काय होती? ७ मार्चला सुमारे तीन हजार बेकार कामगार भर थंडीत डिअरबॉर्नमधल्या फोर्डच्या रूज कारखान्यावर मोर्चा घेऊन गेले. काम द्या, सरपण द्या, दवाखान्याची सोय करा, अशा मागण्या होत्या. पोलिसांनी आणि कंपनीच्या सुरक्षारक्षकांनी गोळ्या झाडल्या. चार जण मेले, जखमींपैकी आणखी एक पुढे दगावला. या सुरक्षारक्षकांचा म्होरक्या होता हॅरी बेनेट, हेन्रीच्या खास मर्जीतला माणूस. अध्यक्ष एडसेल असला तरी बेनेट जबाब द्यायचा तो थेट हेन्रीला.

या गोळीबाराला महिनाही झाला नव्हता, तेव्हा ३१ मार्चला फोर्डची नवी व्ही-८ लोकांसमोर आली. ६५ अश्वशक्ती आणि रोडस्टरची किंमत ४६० डॉलर. चार सिलिंडरची रोडस्टर ५० डॉलरने स्वस्त. एवढी ताकद एवढ्या पैशात याआधी कुणी दिलीच नव्हती.

तिचं रूप आजही न्याहाळण्यासारखं आहे. समोर किंचित पुढे झुकलेली, उभ्या पट्ट्यांची जाळी आणि तिची चौकट गाडीच्याच रंगाची. मॉडेल एमध्ये पेट्रोलची टाकी चालकाच्या समोर, बॉनेटच्या मागे होती, ती आता मागे गेली, त्यामुळे बॉनेटपासून दारापर्यंतची रेघ एकसंध झाली. चासीचा बाजूचा पोलादी पट्टा लपवण्याऐवजी त्याला सुंदर पन्हळ पाडली आणि तो बॉडीचाच भाग वाटू लागला. यात महाग असं काहीच नाही. पत्रा तोच, दाब देणारी यंत्रं तीच. फरक एवढाच, की पत्रा कुठे वळवायचा हे ठरवताना कुणीतरी मन लावून पाहिलं होतं. एडसेल स्वतः आराखडे काढत बसायचा नाही. तो मातीचे आणि लाकडाचे नमुने बघायचा, बोट ठेवून दुरुस्ती सांगायचा आणि नको ते काढून टाकायचा. हे काम लहान वाटतं, पण बहुतेक गाड्या तिथेच बिघडतात.

सुरुवातीच्या व्ही-८ इंजिनांनी त्रासही पुष्कळ दिला. तेल प्यायची, पिस्टन बदलावे लागायचे. मंदीत विक्रीही फार झाली नाही. पण पुढच्या दोनेक वर्षांत इंजिन सुधारलं आणि पळ काढायला याहून चांगली गाडी नाही, हे बँका लुटणाऱ्यांनाही कळलं. बॉनी आणि क्लाइड ही कुप्रसिद्ध जोडी १९३४ मध्ये मारली गेली ती फोर्ड व्ही-८ मध्येच.

त्याच १९३२ च्या वसंतात एडसेलने आणखी एक गोष्ट केली. तो डेट्रॉइटच्या कला आयोगाचा प्रमुख होता. त्याने मेक्सिकोचा चित्रकार दिएगो रिवेरा याला शहराच्या कला संग्रहालयाच्या भिंती रंगवायला बोलावलं आणि सुमारे २१ हजार डॉलरचा खर्च खिशातून दिला. रिवेरा उघड उघड कम्युनिस्ट. गोळीबाराच्या जखमा ताज्या असताना भांडवलदाराच्या मुलाने कम्युनिस्टाला बोलवावं, हे दोन्ही बाजूंना खटकलं. रिवेराने रूज कारखान्यात महिनोन्महिने रेखाटनं केली आणि २७ चित्रचौकटी रंगवल्या. उत्तरेच्या भिंतीवर आहे व्ही-८ इंजिनाचा ठोकळा ओतणारे, घामाघूम झालेले कामगार. दक्षिणेच्या भिंतीवर गाड्यांची बॉडी तयार होते, आणि खाली कोपऱ्यात उभा आहे स्वतः एडसेल. १९३३ मध्ये चित्रं खुली झाली तेव्हा धर्मगुरू आणि वर्तमानपत्रं तुटून पडली, भिंती पुसून टाका अशी मागणी झाली. एडसेल चित्रांच्या बाजूने ठाम राहिला. चित्रं आजही तिथेच आहेत. बापापुढे गप्प राहणारा हा माणूस बाकी जगापुढे भित्रा नव्हता, हे यावरून कळतं.

बापापुढे मात्र त्याचं काही चाललं नाही. चरित्रकारांनी नोंदवलेला एक किस्सा आहे. एडसेलने रूजमध्ये कोळशाच्या नव्या भट्ट्या बांधायला घेतल्या. हेन्रीने त्या पूर्ण बांधू दिल्या आणि मग पाडून टाकायला लावल्या. ब्रेकची गोष्ट तर कागदोपत्रीच आहे. द्रवदाबावर चालणारे ब्रेक एडसेलला कधीपासून हवे होते, स्पर्धकांकडे ते होते, पण फोर्ड गाड्यांत ते आले थेट १९३९ च्या मॉडेलमध्ये. कामगार संघटनांशी बोलणी करावी, असं एडसेलचं मत होतं. हेन्रीने ते काम बेनेटवर सोपवलं आणि २६ मे १९३७ ला बेनेटच्या माणसांनी रूजबाहेरच्या पुलावर संघटनेच्या नेत्यांना फोडून काढलं. छायाचित्रं देशभर छापून आली. अखेर संघटनेला मान्यता द्यावी लागलीच, १९४१ मध्ये.

४२ टक्क्यांचा मालक हे सगळं सोडून गेला का नाही? गेला असता तर त्याच्याकडे पैशाला तोटा नव्हता. पण त्याचं सगळं प्रेम त्या कारखान्यावर होतं, आणि वडिलांवरही होतं. आज ते दुबळेपण वाटेल. तो गेला असता तर बेनेटला रान मोकळं होतं, हेही तितकंच खरं.

त्याला स्वतःची जागा सापडली ती एका लहानशा खोलीत. बॉब ग्रेगरी नावाचा तरुण बोटींचे आराखडे काढता काढता फोर्डकडे आला होता. एडसेल कचेरीतली कामं उरकून रोज त्याच्याकडे जायचा आणि दोघं रेघांवर बोलत बसायचे. १९३४ मध्ये त्यांनी एडसेलसाठी एकच एक रोडस्टर बनवली. आत तीच स्वस्त फोर्ड व्ही-८ ची चासी, वर ॲल्युमिनियमची लांबसडक, विमानासारखी निमुळती बॉडी. बनवलीही फोर्डच्या विमान विभागात. १९३५ मध्ये एडसेलने कंपनीत रूपरेखेचा स्वतंत्र विभाग काढला आणि ग्रेगरीला प्रमुख केलं. त्यातून पुढे लिंकन झेफर, मर्क्युरी आणि १९३९ ची लिंकन कॉन्टिनेन्टल आली. कॉन्टिनेन्टल तर मुळात एडसेलने सुट्टीत फ्लोरिडात फिरायला बनवून घेतलेली गाडी. बघणाऱ्यांनी तिथेच मागणी केली, म्हणून ती बाजारात आणावी लागली. १९५१ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने निवडक आठ गाड्यांचं प्रदर्शन भरवलं, त्यात ती होती.

१९३६ च्या जानेवारीत त्याने २५ हजार डॉलर घालून फोर्ड फाउंडेशन स्थापन केलं. फोर्ड कुटुंबाचे बहुतेक शेअर पुढे त्यात गेले आणि ती जगातल्या सर्वांत मोठ्या दानसंस्थांपैकी एक झाली. अमेरिकेबाहेरचं तिचं पहिलं कार्यालय १९५२ मध्ये नवी दिल्लीत सुरू झालं.

युद्ध सुरू झालं तेव्हा विलो रन इथे बी-२४ बॉम्बर विमानांचा अवाढव्य कारखाना उभा करायची जबाबदारी एडसेलवर आली. तोवर पोटाच्या दुखण्याने तो पोखरला होता. आधी अल्सर, मग जानेवारी १९४२ मध्ये शस्त्रक्रिया, मग कर्करोग. त्यात हेन्रीच्या शेतावरच्या न तापवलेल्या दुधातून आलेला ताप. मुलाने राहणी सुधारली की तो बरा होईल, असं हेन्रीला शेवटपर्यंत वाटत होतं. २६ मे १९४३ ला एडसेल गेला. वय ४९. मॉडेल टी संपली तीही २६ मेला, पुलावरची मारहाण झाली तीही २६ मेलाच.

८० च्या घरातला हेन्री पुन्हा अध्यक्ष झाला आणि कंपनी बेनेटच्या हाती जाण्याची वेळ आली. तेव्हा एडसेलची बायको एलेनॉर उभी राहिली. सूत्रं माझ्या मुलाकडे द्या, नाहीतर शेअर विकून टाकते, असं तिने बजावलं. सप्टेंबर १९४५ मध्ये एडसेलचा मोठा मुलगा, हेन्री फोर्ड दुसरा, अध्यक्ष झाला आणि त्याने पहिल्यांदा बेनेटला घरी पाठवलं.

दहा वर्षांनी नव्या गाडीला नाव शोधायची वेळ आली. कवयित्री मॅरिअन मूर हिच्याकडूनही नावं मागवली गेली, हजारो नावांची यादी झाली आणि शेवटी वरिष्ठांनी एडसेल हे नाव पक्कं केलं. वडिलांचं नाव गाड्यांच्या चाकांवर फिरवायला मुलांचा आधी विरोध होता. तो मोडून काढला गेला.

रोडस्टरचं पुढे काय झालं? बंद गाड्या स्वस्त झाल्या तशी मागणी घटली आणि १९३७ नंतर फोर्डने रोडस्टर बनवणं थांबवलं. युद्धावरून परतलेल्या कॅलिफोर्नियातल्या पोरांना जुन्या बाजारात १९३२ च्या रोडस्टर अगदी किरकोळ भावात मिळू लागल्या. वजनाला हलकी, इंजिन दणकट. त्यांनी मडगार्ड काढली, इंजिनं फुगवली आणि कोरड्या पडलेल्या तळ्यांच्या सपाटीवर शर्यती लावल्या. हॉट रॉड म्हणतात तो प्रकार इथूनच वाढला आणि डूस या टोपणनावाने ही गाडी त्याची राणी झाली. मूळ गाड्या आता इतक्या कमी उरल्यात, की त्याच मापाच्या, त्याच वळणाच्या नव्या पोलादी बॉडी अमेरिकेत तयार होतात आणि विकल्या जातात. एडसेलची १९३४ ची ती ॲल्युमिनियमची रोडस्टर बरीच वर्षं हातोहात फिरली, २००८ च्या लिलावात तिला १७ लाख डॉलरच्या वर किंमत आली आणि आता ती डेट्रॉइटजवळ, सेंट क्लेअर सरोवराच्या काठावर असलेल्या त्याच्या घरात ठेवलेली आहे. तिच्यावर एडसेल हे नाव कुठेही नाही.